वारणेचे दोन काठ आणि गावची शाळा



दोन शाळांची तुलना करायची झाली म्हणजे आपण काय पाहतो? इमारत कोणाची पक्की, निकाल कोणाचा मोठा, गणवेश कोणाचा झकपक. गावच्या पारावर हा हिशेब रोज चालतो. एका पारड्यात जिल्हा परिषदेची शाळा आणि दुसऱ्या पारड्यात तालुक्याच्या गावाहून पिवळी बस पाठवणारी शाळा. तुलना करण्यात गैर काही नाही. आपले मूल कोठे घालायचे याचा विचार आईबापांनी केलाच पाहिजे. पण माप कोणते घ्यायचे, हे आधी ठरायला हवे. दूध कोणी गजाने मोजत नाही आणि कापड कोणी पायलीने मोजत नाही.

शाळेचे खरे माप कोणते, हा प्रश्न आज आपण इतिहासाला विचारू. त्यासाठी फार लांब जायला नको. वारणाकाठी जाऊ.

वारणा सह्याद्रीत उगम पावते आणि आग्नेयेकडे वाहत सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. तिच्या उत्तरेला शिराळा आणि वाळवा, दक्षिणेला शाहूवाडी, पन्हाळा आणि हातकणंगले. आज उत्तरेकडचा मुलूख सांगली जिल्ह्यात आहे आणि दक्षिणेकडचा कोल्हापूर जिल्ह्यात. पण १९४९ सालापर्यंत ही नदी म्हणजे एका राज्याची शीवच होती. उत्तरेला इंग्रज सरकारचा सातारा जिल्हा, मधूनमधून सांगली-मिरजेसारख्या संस्थानांचे तुकडे, आणि दक्षिणेला कोल्हापूर संस्थान. दोन्ही काठांवर माती तीच, जोंधळा तोच, बोली तीच, सोयरीकही नदी ओलांडून होत असे. बदलत होता तो फक्त अंमल. म्हणून शाळांची तुलना करायला याहून चांगली जागा मिळणे कठीण. बाकी सगळे सारखे असले म्हणजे फरक कशाने पडला हे लवकर कळते.

उत्तर काठापासून सुरुवात करू. सातारचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षे गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. कोणाच्या ओसरीवर, कोठे देवळात. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वाचायला शिकायचे, पावकी-निमकी-दीडकी घोकायची, आणि पंतोजींना घरोघरचा शिधा पोचवायचा. जमाखर्चापुरते शिक्षण त्यातून होत असे. पण ते ज्यांच्या घरी जमाखर्च होता त्यांचेच. नांगरामागे चालणाऱ्याच्या पोराला त्या ओसरीवर सहसा जागा नव्हती, आणि गावकुसाबाहेरच्या पोराला तर नव्हतीच नव्हती.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शाळाखाते सुरू झाले. छापील पुस्तके आली, इयत्ता आल्या, तपासणीला येणारे डेप्युटीसाहेब आले. नियमाने या शाळा सर्वांच्या होत्या. आणि पैसा? तो कोठून आला, हे नीट ऐका, कारण त्यात तुमच्या-माझ्या पणजोबांचा वाटा आहे. १८६३ च्या सुमारास सरकारने शेतसाऱ्यावर 'लोकल फंड' बसवला. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि उरलेला रस्त्यांसारख्या कामांसाठी. एका आण्याच्या बारा पै, तेव्हा दर रुपयामागे चार पै शाळेला गेल्या. ज्या कुणब्याचा सारा ३० रुपये होता, त्याने वर्षाकाठी ३० आणे जादा भरले, आणि त्यातले १० आणे शाळेच्या नावाने गेले. गावची शाळा ही कोणा साहेबाची खैरात नव्हती, ती शेतकऱ्याच्या घामाची होती.

आता प्रश्न असा की, हे दहा आणे भरणाऱ्याचे पोर त्या शाळेत बसले होते का?

हाच प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला. त्यांचे ते निवेदन शिक्षकांनी एकदा तरी मुळातून वाचावे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. पण ते गाऱ्हाणे सांगून थांबले नाहीत. शेतकरी पोराला शाळेत का धाडत नाही, याचे कारण त्यांनी घरात शिरून पाहिले होते. घरात दारिद्र्य आहे, पोर गुरे राखते, शेतात हात लावते. ते शाळेत गेले तर घरचा एक हात कमी होतो. म्हणून बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, आणि सक्तीबरोबर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही द्या, असे त्यांनी सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, नांगराची मूठ धरायला न लाजणारा हवा, असेही ते म्हणाले. त्याचा पगार दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा. वाचन, मोडी-बाळबोध लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडेही असावेत. इतके बारीक सांगणारा माणूस शाळेकडे लांबून पाहत नव्हता.

आयोगाने अहवाल दिला. सरकारने सक्ती केली नाही. शाळा वाढत होत्या, पण संथपणे, आणि ज्या घरात अक्षर आधीच होते त्याच घरात ते पुन्हा जात होते.

शाळेचे दार उघडे असणे आणि शाळा आपली असणे यांत किती अंतर असते, याचा दाखला साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत एक मुलगा पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाला. पटावर १९१४ या अनुक्रमांकासमोर त्याचे नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. पण त्या मुलाचे शाळेतले दिवस कसे होते? बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी घालावे, तेव्हाच पिता यायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. नियमाने शाळा सर्वांची होती, निकाल चांगला होता, इमारत तर राजवाडाच होती. आपण पारावर जी मापे लावतो त्या सर्व मापांनी ती शाळा उत्तम ठरली असती. गोणपाटाचे माप मात्र आपल्याजवळ नसते.

आता दक्षिण काठावर चला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचा अंमल होता. त्यांनी सुरुवात वसतिगृहांपासून केली. खेड्यातले मूल गावची शाळा संपवून कोल्हापूरला आले, तर राहणार कोठे आणि जेवणार काय? हा अडसर काढण्यासाठी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली: मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्यासारख्या शिकलेल्या बाईंकडे सोपवली गेली.

याच सुमारास दिल्ली-कलकत्त्याकडेही एक लढाई चालू होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो राज्यभर नेला होता. तो दाखला पुढे ठेवून नामदार गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सरकारने पैशाची आणि लोकांच्या तयारीची सबब सांगितली, आणि १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक पडले. ज्या सरकारने रयतेकडून रुपयामागे आणा वसूल करताना लोकांची तयारी विचारली नव्हती, त्याच सरकारला शाळा देताना ती आठवली.

आणि आता पाहा, एकाच वर्षी दोन काठांवर काय झाले. विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण तो नगरपालिकांपुरता होता, आणि सक्ती करावी की नाही हेही त्यांच्याच मर्जीवर होते. म्हणजे उत्तर काठावरच्या खेड्याला त्याचा उपयोग नव्हता. लोकल बोर्डांना तसा अधिकार मिळायला १९२३ साल उजाडले. दक्षिण काठावर शाहू महाराजांनी १९१७ मध्येच सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि १९१८ च्या मार्चमध्ये अंमलाची सुरुवात करवीर पेट्यातल्या चिखली गावापासून केली. राजधानीपासून नाही बरं का, खेड्यापासून. जो पालक मूल शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा १ रुपया दंड. पुढे १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. सातारच्या शाळेतल्या गोणपाटाला हे उत्तर होते.

येथे कोणी विचारील, दंड करून काय विद्या येते? शंका रास्त आहे. गरीब कुणब्याला रुपया हलका नव्हता. आणि हुकूम निघाला म्हणून गावाचे मन एका रात्रीत बदलत नाही. पण त्या रुपयाचा एक अर्थ होता. शाळेत न आलेले मूल हा आता त्या घराचा खाजगी मामला राहिला नाही. दरबार त्याची नोंद घेणार होता. उत्तर काठावर डेप्युटीसाहेब येत आणि वर्गात बसलेल्या मुलांची परीक्षा घेऊन जात. दक्षिण काठाच्या कायद्याने पहिल्यांदा विचारले की, वर्गात जो बसलेला नाही तो कोठे आहे? माझ्या मते दोन काठांवरच्या शाळांतला मोठा फरक हाच. एक व्यवस्था आलेल्या मुलांना मोजत होती, आणि दुसरी न आलेल्यांना मोजायला शिकत होती.

न मोजलेल्या मुलाचे काय होते? वारणेच्या उत्तरेला वाळवे तालुक्यात वाटेगाव आहे. तेथे १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. मातंग घरातले हे मूल शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. पुढे ते मुंबईला गेले, गिरणीत आणि मिळेल ते काम करत अक्षर स्वतःच शिकले आणि 'फकिरा' लिहिली. 'वारणेचा वाघ' हे नाव त्यांनीच आपल्या कादंबरीला दिले. आपण कौतुकाने म्हणतो, दीड दिवस शाळेत जाऊन केवढा मोठा साहित्यिक झाला! खरे आहे. पण शिक्षकांनी ते वाक्य उलटे करूनही पाहावे. केवढा मोठा साहित्यिक होता, आणि गावच्या शाळेला तो दीड दिवसापेक्षा जास्त ठेवून घेता आला नाही. त्याच्याबरोबरीची आणखी किती मुले दीड दिवसात परत गेली, आणि त्यांच्या हाती पुन्हा अक्षर लागलेच नाही, ते कोण मोजणार?

येथपर्यंत सरकार आणि दरबार यांची गोष्ट झाली. तिसरी शाळा गावाने काढली. ही गोष्ट दोन्ही काठांना जोडणाऱ्या माणसाची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे वारणेच्या उत्तरेला. जन्म झाला १८८७ मध्ये कुंभोजला, म्हणजे दक्षिणेला. कोल्हापुरात शिकताना शाहू महाराजांचे काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहू लागली, एका पंक्तीला जेवू लागली, आपले जेवण आपण रांधू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडावे लागले, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. एका काठावरचे बी दुसऱ्या काठावर असे रुजले.

पण आजच्या विषयाला त्यांचे आणखी एक काम अधिक जवळचे आहे. ते म्हणजे व्हॉलंटरी शाळा. १९३७ मध्ये खेर मंत्रिमंडळ आल्यावर, जेथे शाळा नाही अशा गावांसाठी ही योजना निघाली, आणि भाऊरावांनी ती डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत नेली. जेथे मुले थोडी म्हणून लोकल बोर्ड शाळा देत नसे, तेथे ही शाळा जाई. एक शिक्षक, देऊळ नाहीतर चावडी, एक फळा. त्या शिक्षकाचा तुटपुंजा पगार, आणि उरलेले गावाने सांभाळायचे. अशा शाळा पाचशेंच्या वर झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी व्यवस्थेत गेल्या. त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून भाऊरावांनी १९३५ मध्येच साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले होते. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि ते योग्यच झाले. नांगराची मूठ धरणारा शिक्षक फुल्यांनी १८८२ मध्ये मागितला होता. तो तयार व्हायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली.

तर या झाल्या आपल्या तीन शाळा. लोकल बोर्डाची, कोल्हापूर दरबारची आणि गावाची व्हॉलंटरी. इमारतीचे माप लावले तर तिसरी शाळा शेवटी येईल, कारण तिला इमारतच नव्हती. पण न आलेल्या मुलाचे माप लावा. जे मूल इतर दोन शाळांच्या पटावर कधीच आले नसते, त्याच्या दारात ही शाळा स्वतः चालत गेली. म्हणून सरकारी शाळेने काही केले नाही असे मात्र समजू नका. तिने पुस्तक दिले, इयत्ता दिली, फायनल पास झालेल्या खेड्यातल्या पोराला तलाठ्याची, शिक्षकाची वाट दाखवली. दरबारच्या शाळेने हक्क दिला आणि गावाच्या शाळेने जिव्हाळा दिला. तिन्ही एकत्र आल्यावाचून मूल शाळेत टिकत नाही.

आज या तिन्ही गोष्टी एकाच शाळेत याव्यात अशी तजवीज कायद्यात आहे. प्राथमिक शाळा १ मे १९६२ रोजी स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांकडे आल्या. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मोफत आणि सक्तीचे. यातली सक्ती कोणावर आहे, हे ध्यानात घ्या. शाहू महाराजांच्या कायद्यात दंड पालकाला होता. आजच्या कायद्यात मूल शाळेत आणण्याची आणि टिकवण्याची बांधिलकी सरकारवर आहे. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. म्हणजे गावाचा हातही कायद्याने शाळेत आणला आहे. आता तो हात समितीच्या सभेत सहीपुरता उठतो की कामाला लागतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणि म्हणून, पट कमी झाला तेव्हा शाळा ठेवावी की दुसरीत मिळवावी, असा प्रश्न जेव्हा एखाद्या वाडीपुढे येतो, तेव्हा नुसती मुले मोजून भागणार नाही. ओढ्यापलीकडच्या शाळेत ती सगळी मुले खरोखर पोचतील का? पावसाळ्यात? मुलीसुद्धा? ऊसतोडीला गेलेल्या घरचे मूल फाल्गुनात परत आले तर त्याला वर्गात जागा मिळेल का? बारा मुलांची शाळा बंद करून अकरा मुले दुसरीकडे गेली, तर कागदावर सोय झाली असे दिसेल. बाराव्या मुलाचे काय झाले, हा वारणाकाठचा जुना प्रश्न मात्र तेथेच उभा राहील.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा इतिहास पाहायला ग्रंथालयात जायलाच हवे असे नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर आहे. जुनी शाळा असेल तर त्यात शंभर वर्षांचे गाव बसलेले सापडेल. एक रविवार काढा आणि ते उघडा. कोणाचे नाव चारचौघांत वाचून दाखवू नका, फक्त मोजा. कोणत्या साली पहिली मुलगी पटावर आली? गावकुसाबाहेरच्या वस्तीतले पहिले मूल कधी आले, आणि कोणत्या इयत्तेपर्यंत टिकले? मग अगदी उजवीकडच्या रकान्यावर या: 'शाळा सोडल्याचे कारण'. 'सतत गैरहजर' हे दोन शब्द किती वेळा लिहिले आहेत ते मोजा. तसेच शेजारच्या गावच्या शिक्षकालाही मोजायला सांगा, आणि मग दोघे बसून तुलना करा. तुमच्या दोन शाळांचा तो खरा निकाल असेल.

आणि यंदाच्या पानावर तो रकाना भरण्याची वेळ आली, तर लेखणी टेकवण्याआधी एकदा त्या मुलाच्या घरी जाऊन या.